सायकलवाले हेल्मेट का घालत नाहीत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बरीच वर्षं मी पुण्यात रोजच्या कामाला सायकल वापरतो. रविवारी घाटात जाताना डोक्यावर हेल्मेट असतं. कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला जाताना नसतं. या दुसऱ्या गोष्टीवरून सिग्नलला शेजारी थांबलेल्या काकांपासून सोसायटीतल्या काकूंपर्यंत सगळ्यांचं ऐकून घ्यावं लागतं. प्रश्न तेच ते असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय. हे हेल्मेटविरोधी पत्रक नाही, हेल्मेटची जाहिरातही नाही.

सायकलवर हेल्मेट घालायची कायद्याने सक्ती आहे का?

भारतात नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ मोटारसायकल आणि स्कूटरसाठी आहे. पायडल मारून चालणारी सायकल मुळात ‘मोटार वाहन’ या व्याख्येतच बसत नाही, त्यामुळे या कलमाखाली तिची पावती फाडता येत नाही.

बाहेर चित्र मिश्र आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये लहानमोठ्या सगळ्यांना सक्ती आहे. फ्रान्समध्ये मार्च २०१७ पासून बारा वर्षांखालच्या मुलांना, स्वीडनमध्ये पंधराखालच्यांना. स्पेनमध्ये मोठ्यांना फक्त गावाबाहेरच्या रस्त्यावर, आणि त्यातही लांब चढावर सूट. म्हणजे कायदा लिहिणाऱ्यांमध्ये कुणीतरी उन्हाळ्यात घाट चढलेला असणार. जपानने एप्रिल २०२३ पासून सगळ्यांना ‘हेल्मेट घालण्याचा प्रयत्न करा’ असं कायद्यात लिहिलं, पण दंड ठेवला नाही.

न घालणारे हे लोक आहेत तरी कोण?

खरं तर हा प्रश्न पहिला विचारायला हवा, आणि तोच कुणी विचारत नाही. ‘सायकलवाला’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर घट्ट चड्डी, रंगीत जर्सी आणि लाखभराची सायकल येते. पहाटे साडेपाचला रस्त्यावर येऊन बघा. पेपर टाकणारी पोरं, हँडलला किटल्या अडकवलेला दूधवाला, रात्रपाळी संपवून निघालेला वॉचमन, कॅरिअरला डबा लावून साइटवर निघालेले गवंडी. २०११ च्या जनगणनेत देशातल्या सुमारे ४५ टक्के घरांत सायकल होती. त्यातल्या बहुतेकांनी सायकलचं हेल्मेट हातातही धरलेलं नसेल.

यांनी हेल्मेट ‘नाकारलेलं’ नाही. नाकारायला आधी समोर यावं लागतं. दीड हजारात सेकंडहँड घेतलेल्या सायकलीवर हजार-बाराशेचं हेल्मेट म्हणजे नाकापेक्षा मोती जड. वर ते ठेवायचं कुठे? सायकल कुलूप लावून उभी राहते, हेल्मेट हँडलला लटकवलं तर संध्याकाळी जागेवर नसतं. साइटवर बरोबर न्यावं तर सिमेंटच्या धुळीत पडतं.

मानव विकास कार्यक्रमातून शाळा लांब असलेल्या, आठवी ते बारावीच्या मुलींना आपल्याकडे सायकली मिळतात. बाभळीच्या कडेने तीन-तीन जणी गप्पा मारत जाताना दिसतात, दोन वेण्या, पाठीला दप्तर. त्या हेल्मेट घालत नाहीत हे खरं. त्या सायकलीमुळे त्यांची शाळा सुटली नाही, हेही खरं.

दुसरा गट माझ्यासारख्यांचा. हेल्मेट घरात आहे, खुंटीला टांगलेलं आहे, पण दहा मिनिटांच्या कामाला ते काढायचा कंटाळा. यात तत्त्व वगैरे काही नाही.

तिसरे आजोबा मंडळी. पुणं सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं त्या काळापासून चालवत आलेले. “साठ वर्षं चालवतोय, तुझं शिकवणं राहू दे,” हे उत्तर मी दोनदा ऐकलंय. याला प्रत्युत्तर नाही. (आहे, पण ते आजोबांना देता येत नाही: साठ वर्षांत रस्ता बदलला, आणि पडल्यावर सावरणारं शरीरही.)

आणि चौथा, अगदी छोटा गट, ज्यांनी सगळं वाचून, विचार करून हेल्मेट नको असं ठरवलं आहे. पुढचे बरेच प्रश्न त्यांच्याबद्दलचे आहेत.

नेदरलँड्समध्ये सगळे सायकल चालवतात आणि कुणीच हेल्मेट घालत नाही. मग आपल्यालाच कशाला?

हा मुद्दा चौथ्या गटाचा लाडका. अर्धा बरोबर आहे.

पावणेदोन कोटींच्या आसपास लोकसंख्या आणि सव्वादोन कोटींहून जास्त सायकली असा तो देश. एकूण फेऱ्यांपैकी चौथ्या हिश्श्याहून जास्त फेऱ्या सायकलने होतात. आई पुढच्या पेटाऱ्यात दोन पोरं घालून निघते, एक माजी पंतप्रधान तर पदावर असताना सायकलवरून कार्यालयात जाताना दिसायचे, आणि डोकी सगळ्यांची उघडी. हेल्मेट दिसलं तर समजायचं की हा शर्यतीची सायकल घेऊन निघालाय. त्यांच्या भाषेत दोघांना शब्दही वेगळे आहेत: नेहमीचा सायकलवाला ‘फीट्सर’, शर्यतीवाला ‘विलरेनर’. नोकरीसाठी तिकडे गेलेली आपली मराठी मुलं पहिल्या आठवड्यात हेल्मेट घालून निघाली की ऑफिसातले लोक हमखास विचारतात, “आज लांब कुठे?”

पण ते उघड्या डोक्याने फिरू शकतात ते कशाच्या जोरावर, हे बघायला हवं. १९७१ मध्ये त्या देशात रस्त्यावर तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यांत चारशेहून अधिक लहान मुलं होती. लोक रस्त्यावर उतरले. चळवळीचं नाव होतं ‘स्टॉप दे किंडरमोर्ट’, म्हणजे ‘मुलांच्या हत्या थांबवा’. अपघात नाही म्हणाले, हत्या म्हणाले. पाठोपाठ १९७३ चं तेलसंकट आलं, रविवारी मोटारी बंद ठेवाव्या लागल्या, आणि मोटारीशिवायचा रस्ता कसा दिसतो हे लोकांनी पाहिलं. पुढच्या काही दशकांत मोठ्या रस्त्यांना वेगळे सायकलमार्ग झाले, वस्तीतल्या रस्त्यांवर ताशी ३० किलोमीटरची मर्यादा आली, चौक नव्याने आखले गेले. कायदाही असा की मोटारीची सायकलला धडक झाली तर नुकसानभरपाईचा भार सहसा मोटारवाल्यावर येतो. सायकलवाला चौदा वर्षांखालचा असेल तर जवळपास पूर्णच. तिथली रोजची सायकल जड असते, ताठ बसून चालवायची, ताशी पंधरा-सोळाच्या वेगाने.

एवढं सगळं केल्यावर डोक्यावर काय घालायचं हा प्रश्न मागे पडतो. आपल्या कर्वे रस्त्यावर फक्त उघडं डोकं तेवढं डच करून चालणार नाही.

उरलेला अर्धा भाग असा, की तिथेही आता हवा बदलते आहे. २०२२ मध्ये नेदरलँड्समध्ये २९१ सायकलस्वार मेले. मरणाऱ्यांत वयस्कर माणसं फार आहेत, आणि बॅटरीच्या सायकलींनी त्यांचा वेग वाढवला आहे. दहा वर्षांत निदान चारांतल्या एकाने आपणहून हेल्मेट घालावं, असा प्रचार तिथलं सरकार करू लागलं आहे. शेजारच्या डेन्मार्कमध्ये तर सक्ती नसतानाच हेल्मेट घालणाऱ्यांचं प्रमाण वीसेक वर्षांत अगदी किरकोळ आकड्यावरून निम्म्याच्या आसपास गेलं.

हेल्मेट नक्की करतं काय?

आत पांढरा थर दिसतो ना, तो आपला थर्माकोलच, थोडा दाट. डोकं आपटलं की तो चेपतो, आणि चेपताना डोक्याला थांबायला दोन-तीन सेंटिमीटरची जागा मिळते. थर्माकोल नसेल तर तेच डोकं डांबरावर जवळजवळ जागच्या जागी थांबतं. जादू आहे ती एवढीच. पण ती खरी आहे.

आता ती किती वेगापर्यंत चालते ते बघा. ईएन १०७८ या युरोपीय मानकानुसार हेल्मेटमध्ये नकली डोकं घालून ते सपाट लोखंडावर सुमारे दीड मीटरवरून टाकतात. आपटतानाचा वेग सेकंदाला ५.४२ मीटर, म्हणजे ताशी साडेएकोणीस किलोमीटर. फुटपाथच्या कडेसारख्या टोकदार लोखंडावर याहून कमी, सेकंदाला ४.५७ मीटर. डोक्याला बसणारा धक्का २५० जीच्या, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या २५० पटीच्या, आत राहिला की हेल्मेट पास. अमेरिकी मानक जरा उंचावरून, दोन मीटरवरून टाकतं, पण मर्यादा ३०० जीची ठेवतं.

दीड मीटर म्हणजे साधारण सायकलवर बसलेल्या माणसाच्या डोक्याची उंची. म्हणजे ही चाचणी आहे सायकलवरून स्वतः पडण्याची: खड्ड्यात चाक गेलं, वाळूवर घसरलं, कुत्रं आडवं आलं. पन्नासच्या वेगाने आलेल्या डंपरची चाचणी कुणी घेतलेली नाही, आणि हेल्मेटच्या खोक्यावर तसा दावाही नसतो. दावा आपल्या मनात असतो.

मग अभ्यास काय सांगतात? ‘८५ टक्के संरक्षण’ असं मी वाचलंय.

तो आकडा १९८९ चा, अमेरिकेतल्या सिॲटल शहरातल्या एका अभ्यासाचा. दवाखान्यात आलेल्या सायकलस्वारांची तुलना करून संशोधकांनी म्हटलं की हेल्मेटमुळे डोक्याच्या दुखापतीचा धोका ८५ टक्क्यांनी कमी होतो. आकडा गुळगुळीत, लक्षात राहणारा. पंचवीस वर्षं तो भिंतीभिंतीवर झळकला. नंतरच्या अभ्यासांत तेवढा मोठा फायदा दिसेना. मग वॉशिंग्टन डीसी या राजधानीतल्या सायकलस्वारांच्या संघटनेने सरकारी खात्यांकडे रीतसर आक्षेप नोंदवला, आणि २०१३ मध्ये अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा आणि आरोग्य खात्यांनी तो दावा मागे घेतला.

अडचण अशी, की हेल्मेट घालणारा आणि न घालणारा या दोघांत फरक फक्त हेल्मेटचा नसतो. घालणारा बहुतेकदा दिवसा निघतो, दिवे लावतो, पिऊन चालवत नाही, दवाखान्यात वेळेवर जातो. त्याचं डोकं कशामुळे वाचलं हे सुटं करणं सोपं नाही.

पण म्हणून ‘हेल्मेटचा काही उपयोगच नाही’ असं म्हणणारे तितकेच चुकतात. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी चाळीस अभ्यास एकत्र करून, चौसष्ट हजारांहून जास्त जखमी सायकलस्वारांची माहिती तपासली. पडलेल्यांमध्ये, हेल्मेट असणाऱ्यांना डोक्याच्या दुखापतीची शक्यता निम्म्याने कमी आणि गंभीर दुखापतीची सुमारे ६९ टक्क्यांनी कमी आढळली. यातला ‘पडलेल्यांमध्ये’ हा शब्द महत्त्वाचा. पडल्यानंतर हेल्मेट उपयोगी आहे, यावर माझ्या मते वाद उरलेला नाही. वाद आहे तो पडण्याच्या आधीच्या गोष्टींवर.

हेल्मेट दिसलं की गाड्या जास्त जवळून जातात, हे खरं का?

इयन वॉकर नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने सायकलला अंतर मोजायचं यंत्र बसवून हे स्वतः करून पाहिलं. अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे अडीच हजार गाड्यांनी त्याला ओलांडलं. हेल्मेट असताना त्या सरासरी साडेआठ सेंटिमीटर जवळून गेल्या. मग पठ्ठ्याने लांब केसांचा टोप घालून सायकल चालवली. बाई समजून गाड्यांनी आणखी थोडी जागा सोडली. प्रयोगाच्या काळात त्याला दोनदा धडक बसली, एकदा बसची, एकदा ट्रकची. दोन्ही वेळा डोक्यावर हेल्मेट होतं.

गोष्ट इतकी मजेदार आहे की ती जगभर पसरली. पुढे दुसऱ्या संशोधकांनी तेच आकडे पुन्हा तपासले आणि म्हटलं, जवळून म्हणजे नेमकं किती याची रेषा जरा बदलली, म्हणजे एक मीटरच्या आत येणाऱ्या गाड्याच बघितल्या, तर हेल्मेटचा फरक टिकत नाही. वॉकरने त्यावरही उत्तर दिलं. माझं मत विचाराल तर साडेआठ सेंटिमीटरवर हेल्मेट घालायचं की नाही हे ठरवू नये. सरासरी सव्वा मीटरच्या आसपास अंतर सोडणाऱ्या ब्रिटिश चालकांची ती गोष्ट आहे. आपल्याकडे पीएमपीची बस कट मारून थांब्यावर शिरते तेव्हा साडेआठ सेंटिमीटर हे एकूण अंतर असतं.

हेल्मेट घातलं की माणूस बेफिकीर होतो का?

थोडंफार होत असावं. उतारावर माझाच ब्रेकवरचा हात सैल असतो. पण त्यामुळे हेल्मेटचा सगळा फायदा वाया जातो, हे कुणी दाखवून दिलेलं मला दिसलं नाही.

मग सरसकट सक्तीच करून टाकावी. त्यात बिघडलं काय?

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने १ जुलै १९९० ला ती केली. अशी सक्ती करणारं जगातलं ते पहिलं. हेल्मेट घालणाऱ्यांचं प्रमाण झपाट्याने वाढलं, डोक्याच्या दुखापती कमी झाल्या. पण मेलबर्नमध्ये ठरावीक चौकांत सायकली मोजल्या तेव्हा वर्षभरात सायकलींची संख्याच सुमारे एकतृतीयांशाने घटलेली दिसली. सगळ्यात जास्त गळाली शाळकरी, किशोरवयीन मुलं. त्या मोजणीच्या पद्धतीवर आजही दोन गट भांडतात. दुखापती कमी झाल्या त्या हेल्मेटने की सायकलीच कमी झाल्याने, हे तिथेच अडकलं आहे.

भाड्याच्या सायकलींचं तर सरळ दिसलं. रस्त्यात मनात आलं, सायकल उचलली, दोन किलोमीटरवर सोडली, असा तो प्रकार. खिशात हेल्मेट घेऊन कोण फिरतं? मेलबर्नमध्ये २०१० मध्ये ही योजना सुरू झाली, तेव्हा दुकानांतून पाच डॉलरला हेल्मेटं विकून पाहिली, सायकलींवर लटकवूनही पाहिली. २०१९ मध्ये योजना बंद पडली. मेक्सिको सिटीने भाड्याच्या सायकली आणताना हेल्मेटची सक्ती उठवली. इस्रायलनेही २०११ मध्ये शहरातल्या मोठ्या माणसांसाठी ती काढली.

सायकली कमी होण्याचा तोटा दुहेरी असतो. एक तर व्यायाम जातो. दुसरं म्हणजे रस्त्यावर सायकली जितक्या जास्त तितकी मोटारवाल्याची नजर त्यांना सरावते, आणि प्रत्येक सायकलवाल्याचा धोका उतरतो. हे २००३ मध्ये एका अमेरिकी संशोधकाने बऱ्याच शहरांचे आकडे मांडून दाखवलं: सायकली दुप्पट झाल्या तर एकेकाचा धोका साधारण एकतृतीयांशाने कमी होतो.

आणि दंड कुणाला बसतो तेही बघा. सिॲटल ज्या जिल्ह्यात येतं त्या किंग काउंटीने २०२२ मध्ये स्वतःचा हेल्मेट नियम रद्द केला. हेल्मेट वाईट म्हणून नव्हे. बेघर आणि कृष्णवर्णीय लोकांच्या पावत्या प्रमाणाबाहेर फाटत होत्या म्हणून. आपल्याकडे उद्या अशी सक्ती आली तर चौकात अडवलं जाईल ते कुणाला? जर्सीवाल्याला की वॉचमनला?

पुण्यात स्कूटरवालेही हेल्मेटसक्तीविरुद्ध अशीच कारणं सांगत होते. तुमचं वेगळं काय?

जानेवारी २०१९ मध्ये पोलिसांनी दुचाकींवर कडक कारवाई सुरू केली तेव्हा पुणेकरांनी तिच्याविरुद्ध मोर्चा काढला, हे सगळ्यांना आठवत असेल. मान दुखते, ऐकू येत नाही, केस गळतात, शहरात वेगच कुठे असतो.

कारणं सारखी वाटतात, पण गणित वेगळं आहे. स्कूटर इंजिनावर चालते, ताशी पन्नास-साठ सहज गाठते, आणि पडली तर चालवणाऱ्याबरोबर समोरच्यालाही घेऊन पडते. स्कूटरवाल्याने हेल्मेटला कंटाळून स्कूटर सोडली असं होत नाही. सायकलवाला मात्र सोडतो, आणि बहुतेकदा स्कूटरच घेतो. देशात २०२२ मध्ये रस्त्यावर १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं मेली, त्यांत चाळीस टक्क्यांहून जास्त दुचाकीवाले होते. मी स्कूटरवर बसतो तेव्हा हेल्मेट घालतो, हनुवटीखालचा पट्टा लावून.

ऊन, घाम, केस… ही कारणं की बहाणे?

एप्रिलमध्ये दुपारी दोनला लक्ष्मी रस्त्यावरून जाऊन बघा, मग बोलू.

चांगल्या हेल्मेटला हवेसाठी भोकं असतात आणि सायकल वीसच्या वेगाने पळत असेल तर आत वारा खेळतो. पण शहरात सायकल पळते कमी, थांबते जास्त. सिग्नलला नव्वद सेकंद उभं राहिलं की घामाची धार डोळ्यांत. विदर्भात तर डोक्याला ओला पंचा गुंडाळल्याशिवाय बाहेर पडणं शहाणपणाचं नाही; पंच्यावर हेल्मेट बसत नाही, आणि उन्हाचा झटका हाही जिवावरच बेततो. शेतावर निघालेल्या माणसाची टोपी, मुंडासं हे त्याच्या मते डोक्याचं संरक्षणच आहे. पडण्यापासून नसेल, पण त्याला रोज गाठतं ते ऊन.

अंबाडा घालणाऱ्या बायकांची अडचण अगदी साधी आहे: मागचा पट्टा नेमका अंबाड्यावर येतो. वेणी घालून ती खाली घेतली की बसतं. हे दुकानात कुणी सांगत नाही.

जाणकार माणसंही हेल्मेटशिवाय फिरतात म्हणे?

ख्रिस बोर्डमनचं उदाहरण देतात. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधलं सायकलिंगचं सुवर्णपदक त्याचं. २०१४ मध्ये बीबीसीच्या सकाळच्या कार्यक्रमात तो साध्या कपड्यांत, हेल्मेटशिवाय सायकल चालवताना दिसला आणि तक्रारींचा पाऊस पडला. त्याचं म्हणणं असं, की सायकलस्वारांना सुरक्षित ठेवणाऱ्या पहिल्या दहा गोष्टींतही हेल्मेट येत नाही, आणि त्याच्यावर भांडण्यात बाकीच्या गोष्टी राहून जातात. पुढे २०१६ मध्ये त्याची आई सायकलवरून जाताना गाडीच्या धडकेत गेली. त्यानंतरही तो रस्ते आणि सायकलमार्ग यांच्याबद्दलच बोलत राहिला. आज इंग्लंडमध्ये चालणं आणि सायकल या विषयासाठी जी सरकारी यंत्रणा आहे तिचं काम २०२२ मध्ये त्याच्याकडे आलं.

आपल्याकडे याला शब्द आहेत: जखम मांडीला, मलम शेंडीला. फक्त बोर्डमन शेंडीला मलम लावू नका म्हणत नाही. मांडीकडे बघा म्हणतो.

हेल्मेट नव्हतं म्हणून अपघातात चूक सायकलवाल्याचीच, असं होतं का?

बातमीत होतं. ट्रकने मागून उडवलं, चाक छातीवरून गेलं, आणि शेवटची ओळ असते ‘त्याने हेल्मेट घातलं नव्हतं’. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयापुढे २०१४ मध्ये असंच प्रकरण आलं. उभ्या मोटारीचा दरवाजा अचानक उघडला, एक बाई सायकलवरून पडली, डोक्याला मार लागला. खालच्या न्यायालयाने हेल्मेट नव्हतं म्हणून भरपाई कापली होती. वरच्या न्यायालयाने ती पूर्ण द्यायला लावली.

लहान मुलांचं काय?

घाला. इथे मी घोळ घालत नाही. मुलं पडतात, कमी वेगाने पडतात, उंची कमी असते, म्हणजे हेल्मेट ज्यासाठी बनलंय तसंच पडतात. कडा भुवयांच्या वर दोन बोटांवर हवी; कपाळ उघडं टाकून टोपीसारखं मागे ढकललेलं हेल्मेट निरुपयोगी. पट्टे कानाखाली इंग्रजी व्हीसारखे जुळायला हवेत, हनुवटीखाली एक-दोन बोटं जातील एवढीच ढील. ‘वाढत्या अंगाचं’ म्हणून मोठं घेऊ नका, ते शर्टासाठी ठीक.

आणि एक गोष्ट बऱ्याच पालकांना माहीत नसते: सायकल सोडून पोरगं घसरगुंडीकडे, झोपाळ्याकडे पळालं की आधी हेल्मेट उतरवा. फटीत हेल्मेट अडकून पट्ट्याचा गळफास बसण्याचा धोका खरा आहे.

शर्यतीत तर सगळे घालतात?

आता घालतात. १९९१ मध्ये पॅरिस-नीस शर्यतीत सक्ती केली तर खेळाडूंनी संप केला होता. १९९५ मध्ये तूर द फ्रान्समध्ये इटलीचा फाबियो कासार्तेली घाट उतरताना पडून गेला, तरी नियम आला नाही. मार्च २००३ मध्ये त्याच पॅरिस-नीसमध्ये कझाकस्तानचा आंद्रेई किविलेव पडला, डोक्याच्या दुखापतीने गेला, आणि दोन महिन्यांत सक्ती झाली. सुरुवातीला शेवटचा लांब चढ असेल तर पायथ्याशी हेल्मेट टाकून द्यायची मुभा होती. पुढे तीही गेली. आपल्याकडच्या ब्रेव्हेतही, म्हणजे ठरलेल्या वेळात पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीतही, हेल्मेटशिवाय सुरुवातीच्या रेषेवर उभं करत नाहीत.

मोटारसायकलचं हेल्मेट सायकलवर चालेल?

चालेल, पण चालवणार नाही तुम्ही. किलोभराहून जड, बाहेरचा आवाज बंद, आणि चढावर दम लागला की काच धुकटते. सायकलचं अडीचशे-तीनशे ग्रॅमचं असतं.

बॅटरीच्या सायकलीवर?

मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ च्या आत असेल तर लायसन्स, नोंदणी काही लागत नाही. पण पाय न हलवता पंचविसाने जाणारी सायकल आणि दम लागेपर्यंत पंधराने जाणारी सायकल यांत फरक आहे. साठी ओलांडलेल्या कुणाला ई-सायकल घेऊन देत असाल तर त्याच दुकानातून हेल्मेटही घ्या.

तुम्ही स्वतः कधी पडलात?

दोनदा, लक्षात राहण्यासारखं. एकदा पहिल्या पावसात सिंहगडाच्या उतारावर, ओल्या पाल्यावर चाक सरकलं. हेल्मेटला डाव्या बाजूने आरपार चीर गेली, मी घरी येऊन चहा प्यायलो. दुसऱ्यांदा रिक्षातल्या प्रवाशाने न बघता पाय बाहेर टाकला, मी हँडलवरून खाली, मनगटाचं हाड मोडलं. तेव्हाही हेल्मेट होतं. त्याने काहीच केलं नाही, त्याला करण्यासारखं काही नव्हतंच. घरच्यांना पहिली गोष्ट आठवते, मला दुसरी.

हेल्मेट न घालणाऱ्याने निदान काय करावं?

मागचा लाल दिवा लावा. दोनशे रुपयांत येतो. ऊसतोडीच्या दिवसांत कारखाने बैलगाड्यांना आणि ट्रॉल्यांना लाल पट्ट्या लावतात ते उगाच नाही. अंधारात मागून येणाऱ्याला आपण दिसतच नसतो. दोन्ही ब्रेक चालू ठेवा, पुढचा तुटलेला ब्रेक ‘मागचा आहे की’ म्हणून तसाच सोडू नका. उलट्या बाजूने येऊ नका. उभ्या मोटारींना चिकटून चालवू नका, दरवाजाएवढी जागा सोडा. मोठ्या गाडीच्या डाव्या कुशीत तर कधीच शिरू नका. वळताना चालकाला तिथलं काहीच दिसत नाही.

यातलं काहीही केलेलं नाही आणि हेल्मेट मात्र झकास आहे, असे सायकलवाले मी रोज बघतो. त्यांना सिग्नलवर कुणी काका टोकत नाहीत.

माझं हेल्मेट एकदा जोरात आपटलं. वरून ठीक दिसतंय. टाकायचं का?

टाका. थर्माकोल एकदा चेपला की परत फुगत नाही, आणि चेपलेला बाहेरून कळत नाही. टेबलावरून पडलं तर इतकं घाबरायचं कारण नाही, पण आत डोकं असताना आपटलं असेल तर त्याचं काम झालं. टाकण्याआधी दोन्ही पट्टे कात्रीने कापा. नाहीतर भंगारातून ते साफ होऊन कुणाच्या तरी डोक्यावर पुन्हा बसतं.